एकनळी बारा बोअर : दुसरं काडतूस पटकन कसं भरावं?

परळकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं.

आमचं गाव राजापूरजवळ. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची सिंगल बॅरल बारा बोअर, म्हणजे छर्र्याच्या काडतुसाची एकनळी बंदूक होती. वडिलांची सत्तरी झाली, गुडघे धरले, रात्री शेतावर जाणं बंद झालं. शस्त्र नियम २०१६ मध्ये तरतूद आहे की परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा ते हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. त्याप्रमाणे अर्ज केला, सुरक्षा प्रशिक्षण घेतलं, चौकशी झाली आणि परवाना माझ्या नावावर झाला.

बंदूक जुनी, बाहेर घोडा असलेली. वरचा खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली मोडते. इजेक्टर नाही, साधा एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर उडत नाही, जरासं वर उचललं जातं आणि बोटांनी ओढून काढावं लागतं. बार झाला की बंदूक मोडा, रिकामं काढा, नवं घाला, मिटा, घोडा चढवा, पुन्हा खांद्याला लावा. वडील हे सगळं अंधारात न बघता करायचे. माझा मात्र प्रत्येक टप्प्याला हात अडखळतो.

विचारायचं आहे ते असं. काडतुसं अंगावर कुठं ठेवावीत? भरायचं काम कोणत्या हातानं? आणि मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात याचा सराव करता येतो का? परदेशातल्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहिले, पण त्यांच्या बंदुका दुनळी असतात आणि हात इतके वेगात फिरतात की नेमकं काय केलं ते कळत नाही.

बँकेचा_पहारा

परळकर, नेमका प्रश्न विचारलात. एकनळीत वेग येतो तो काडतुसाच्या जागेमुळे. हात कितीही चपळ असला तरी खिशात चाचपडण्यातच वेळ जातो.

फौजेतून आल्यावर मी फोर्टातल्या एका बँकेत सशस्त्र पहारेकरी होतो. तिथं हातात बारा बोअरच असायची. त्याआधी ४१० मस्केटवर शिकलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींची नळी बदलून ही मस्केट बनवत, आत गुळगुळीत आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. एका वेळी एकच काडतूस. त्यामुळे एक-एक भरण्याची शिस्त आमच्या पिढीच्या हातात बसलेली आहे.

आता तुमच्या बंदुकीबद्दल, उजव्या हाताचे आहात असं धरून.

बार झाला की सगळ्यात आधी बोट चापावरून काढून गार्डच्या बाहेर सरळ ठेवायचं. मगच अंगठा खटक्यावर. दस्ता खांद्यावरून उतरवून काखेत घ्यायचा आणि कोपरानं बरगडीशी दाबून धरायचा. ही काखेतली पकड फार महत्त्वाची, कारण ती असली की उजवा हात पूर्ण मोकळा होतो. डावा हात नळीखालच्या लाकडावरून हलवायचाच नाही. त्याच हातानं नळी खाली झुकवायची. नळीचं तोंड समोरच्या जमिनीकडे राहील, आपल्या पायाकडे नाही.

मोकळ्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं रिकाम्याची पितळी कड पकडून सरळ मागं ओढा. तिरकं ओढलं की अडकतं. ते हातात घेऊन बसू नका, खिशात घालायलाही जाऊ नका, तिथंच पडू द्या. नंतर वेचता येतं, आणि वेचायचंच, रानात सोडायचं नाही. तोच हात थेट पट्ट्याकडे.

पट्टा कमरेला, काडतुसं पोटाच्या उजव्या बाजूला, पितळ वर. पितळ वर का? तर बोटं पितळेवरच पडतात, काडतूस बाहेर येतं तेव्हा त्याचं तोंड खाली, म्हणजे बरोबर चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) दिशेला असतं, आणि अंगठा आपोआप बुडावर येतो. हातात फिरवायला लागत नाही. त्याच अंगठ्यानं शेवटपर्यंत आत ढकला. अर्धवट राहिलं तर बंदूक मिटणार नाही, आणि मग माणूस जोर लावायला जातो.

मिटताना नळी वर उचलू नका, दस्ता वर आणा. नळीचं तोंड जमिनीकडेच राहतं आणि चुकून बार सुटला तरी मातीत जातो. घोडा चढवायचा तो बंदूक खांद्याला लागल्यावर, आधी नाही.

वरळीची_नेमबाज

पहारा काका, फार नीट समजावलंत.

मी रायफल खेळते. माझं शिक्षण वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर झालं. शॉटगन माझी नव्हे, पण सरावाच्या प्रश्नावर थोडं लिहू शकते.

परळकर, घरात सराव होतो, पण मुंबईतली भिंत म्हणजे शेजाऱ्याची खोली हे पक्कं धरून. सुरुवातीलाच खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात जायला हवीत, त्याच खोलीतल्या कपाटात नाही. सराव फक्त डमी काडतुसांवर. बाजारात स्नॅप कॅप मिळतात. त्यांच्या बुडाला केपच्या (पिन आपटली की ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) जागी स्प्रिंग किंवा रबर असतं, त्यामुळे घोडा पडला तरी फायरिंग पिनला इजा होत नाही. रंग असा निवडा की खऱ्या काडतुसाशी गल्लत व्हायची शक्यताच उरणार नाही. आणि डमी असली तरी नळी शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे धरायची नाही. इमारतीची बाहेरची, भरीव भिंत शोधा. घरात लहान मूल जागं असेल त्या वेळी बंदूक काढूच नका.

सराव अगदी सावकाश करा. मोबाईल बाजूला लावून चित्रीकरण करा आणि मग बघा की कोणता हात रिकामा थांबलाय. बहुतेकांचा डावा हात उगीच लाकडावरून सुटतो आणि परत जागा शोधतो. त्यात फार वेळ जातो. एक हालचाल काढून टाकली की वेग आपोआप येतो, हात पळवावे लागत नाहीत. थकवा आला की थांबायचं. दमलेल्या हातानं केलेला सराव चुकीची सवय लावतो.

चाळीतली_मनी

वाचतेय. विषय माझ्यासाठी पूर्ण नवा आहे, पण इतकं स्वच्छ लिहिलंय की चित्र डोळ्यासमोर उभं राहतं.

कुडाळी_माणूस

मी मूळ कुडाळचो, आता लालबागात ऱ्हवतंय. बंदूक गावच्या घरात तीन पिढ्या.

पहारा काकांशी जवळपास सगळं सहमत, पण कोकणातल्या पावसाबद्दल कुणी बोललं नाही. भात पोटरीला येतं तेव्हा डुक्कर उतरतं आणि तेव्हाच हवा सगळ्यात ओली. जुनी कागदी खोळीची काडतुसं त्या हवेत फुगतात. जाताना जोर लावून जातात, आणि बार झाल्यावर चेंबरला अशी घट्ट बसतात की एक्स्ट्रॅक्टर कड सोडून देतो. मग चाकूचं टोक घालून काढत बसा. प्लॅस्टिक खोळीची वापरा. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं सगळीकडे मिळतात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोचून ठेवू नका. चामड्यातलं आम्ल आणि ओल मिळून पितळेवर हिरवा थर चढवतात. तो थर चेंबरमध्ये गेला की तिथंही चिकटपणा येतो.

चेंबर स्वच्छ असणं हा वेगाचा अर्धा भाग आहे असं मी म्हणेन. प्लॅस्टिक खोळीचा पातळ थर चेंबरमध्ये साचतो, वर दारूची काजळी. नळी सगळेच साफ करतात, चेंबर कुणी करत नाही. पितळी ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा, मग कोरडं फडकं. तेलाचा थर आत राहू देऊ नका. चेंबर कोरडं हवं, कारण तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचा मागचा धक्का बंदुकीच्या मिटणीवर जास्त येतो.

एक शंका. आमच्याकडे जुनी माणसं दुसरं काडतूस डाव्या हाताच्या बोटांत धरून बार काढायची, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये. त्यात तर कमरेपर्यंतही जावं लागत नाही. यावर कुणी बोलेल का?

ट्रॅपवेडा

कुडाळी, बोटांत धरण्याची पद्धत जगभर आहे आणि वेगवान आहे हे खरं. उजवा हात फक्त डाव्या हातापर्यंत जातो, वीतभर अंतर. पण एकनळी बारा बोअर वजनाला हलकी, बहुतेक अडीच ते तीन किलो. हलक्या बंदुकीचा धक्का मोठा. ज्या हातानं ती थोपवायची त्याच हाताची दोन बोटं काडतुसानं अडवली तर पकड सैल होते, पहिला नेम हलतो. आणि काडतूस बिजागरीजवळ आलं तर मोडताना चिमटलं जातं. वापरायचीच असेल तर डमीवर भरपूर घोटून, आणि काडतूस लाकडाच्या पुढच्या टोकाकडे, बिजागरीपासून लांब धरून. माझा कल पट्ट्याकडे. दस्त्यावर चढवायचा, काडतुसं खोचायचा लवचीक कफही चांगला, पण तो उजव्या गालाला लागणार नाही इतका मागं हवा आणि दस्ता काखेत धरताना काडतुसं दबणार नाहीत हे तपासायला हवं. काखेची पद्धत आणि कफ यांचं बऱ्याचदा जमत नाही.

आता थोडं ट्रॅपबद्दल, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळाबद्दल, कारण विषय जवळचा आहे. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार चालतात, अंतिम फेरीत एकच. स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तबकडीला एकच. अमेरिकेत ट्रॅपच्या एकेरी प्रकारात एका तबकडीला एकच बार असतो आणि तिथं खास एकनळी ट्रॅप बंदुका बनवल्या गेल्या, महागड्या आणि अतिशय देखण्या. म्हणजे एकनळी ही गरिबाची बंदूक हा समज बरोबर नाही. राज्यवर्धन राठोडांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, जिथं दोन तबकड्या एकदमच सुटतात. तिथं एकनळीचं कामच नाही. बाकी ठिकाणी ज्यानं एकनळीवर सुरुवात केली तो पहिला बार वाया घालवत नाही हे मी पाहिलंय. दुनळीवाल्याच्या डोक्यात दुसरी नळी असते आणि तो पहिला बार घाईत सोडतो.

शिवडी_बंदर

प्रामाणिक प्रश्न. डुक्कर पळवायला एक बार पुरेसा असताना वेगानं भरण्याची गरज काय?

कुडाळी_माणूस

शिवडी, गरज आहे. डुकरांचा कळप एका बाराला फुटतो, पण फुटून दोन बाजूंना जातो आणि त्यातला एखादा बांधाकडून उलटा येतो. जखमी नसलेलं डुक्करही अंधारात घाबरलं की समोर जे येईल त्यावर धावतं. अशा वेळी रिकामी बंदूक हातात धरून उभं राहणं वाईट. वर, ज्याला भरण्याची क्रिया हातात बसली आहे तो घाबरत नाही, आणि न घाबरणारा माणूस चुकीच्या दिशेला बार काढत नाही. माझ्या दृष्टीनं हे दुसरं कारण जास्त मोठं.

कोर्टनाक्यावरून

वकिलीचा धंदा आहे म्हणून कायद्याची बाजू, थोडक्यात.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही मारायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. आवाजानं पळवणं वेगळं आणि मारणं वेगळं.

परळकर, तुम्ही मुंबईत आणि बंदूक गावाला, हे नीट बघा. परवाना तुमचा आहे, भावाचा किंवा चुलत्याचा नाही. तुम्ही इथं असताना ती त्यांच्या हाती देणं गुन्हा ठरतो. राहण्याचा पत्ता बदलला असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात नोंद करा. निवडणूक जाहीर झाली की पोलिसांकडून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ती आली तर जमा करून पावती जपून ठेवा. आणि लग्नात, शिमग्यात, गणपतीत हौसेचा बार अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणानं केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

परळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कोर्टनाका, गावी असतानाच बंदूक शेतावर नेतो, एरवी ती माझ्या ताब्यातच असते. पत्त्याची नोंद केलेली आहे.

पहारा काका, तुमच्या पद्धतीनं डमीवर सुरू केलं. काखेत धरल्यावर उजवा हात खरंच मोकळा होतो. आणखी दोन प्रश्न. माझ्या बंदुकीचा घोडा पडल्यावर पुढंच राहतो, मागं येत नाही. तो तसाच असताना मिटली तर चालतं का? आणि नळीवर ६५ असा आकडा कोरलेला आहे, तो कशाचा?

बँकेचा_पहारा

परळकर, हे विचारलंत ते फार बरं झालं. दोन्ही उत्तरं नीट वाचा.

घोडा पुढंच राहत असेल तर तुमची बंदूक जुन्या पद्धतीची, रिबाउंड नसलेली दिसते. अशा बंदुकीत घोडा पिनवर टेकलेला असतो आणि पिनेचं टोक बाहेर आलेलं असतं. भरलेलं काडतूस घालून ती झटक्यात मिटली तर केपवर टोक आपटून बार होऊ शकतो. म्हणून मोडायच्या आधी घोडा अर्ध्या खाचेत (अर्धवट मागं ओढल्यावर अडकतो तिथं) आणायचा, मगच खटका दाबायचा. हा टप्पा तुमच्या क्रमात कायमचा बसवा. अर्धी खाच झिजलेली आहे का ते परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. घोडा अर्ध्या खाचेत ठेवून जोर लावला आणि तो निसटला, तर दुरुस्ती होईपर्यंत खरं काडतूस घालायचं नाही. भरल्या बंदुकीचा चढवलेला घोडा अंगठ्यानं हळूच उतरवणंही टाळा, घामेजलेला अंगठा निसटतो. घोडा चढवलेला असताना तुमची नळी मोडत असेल तर आधी मोडा, काडतूस काढा, मग घोडा उतरवा.

६५ हा चेंबरच्या लांबीचा आकडा, मिलिमीटरमध्ये. आज बाजारात ७० मिमीची काडतुसं सर्रास मिळतात. घोळ असा की काडतुसावरची लांबी ही बार होऊन तोंड उघडल्यानंतरची असते. न उडवलेलं ७० मिमी काडतूस आखूड असतं, त्यामुळे ते तुमच्या ६५ च्या चेंबरमध्ये आरामात जाईल, बंदूक मिटेलही. पण बार होताना तोंड उघडायला जागा पुरणार नाही, दाब वाढेल. जुन्या नळीला हे धोक्याचं. ६५ चीच काडतुसं घ्या, नाहीतर जाणकाराकडून बंदूक तपासून लेखी मत घ्या.

ट्रॅपवेडा

काकांच्या पुढं एक जोडतो. घरात बारा बोअर आणि वीस बोअर दोन्ही असतील तर काडतुसं कधीही एका पट्ट्यात ठेवू नका. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये घातलं तर ते घसरून पुढं नळीत जाऊन अडकतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामा दिसतो. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो त्यामागं बारा बोअरचं घालतो आणि चाप ओढतो. नळी फुटते. याच कारणानं वीस बोअरच्या खोळी पिवळ्या रंगाच्या करण्याची पद्धत पडली. घाईघाईनं भरणाऱ्या माणसाला हा धोका सगळ्यात जास्त.

वरळीची_नेमबाज

वेगाच्या नादात आवाजाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हेही. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी लागला, तर पुढचं काडतूस भरायचं नाही. नळीत डाट (दारू आणि छर्रा यांच्या मधला बोळा) अडकलेला असू शकतो. बंदूक मोडा, काडतूस काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कारण दारू उशिरा पेटू शकते. लगेच मोडली आणि तेव्हाच काडतूस उडालं तर ते तोंडाजवळ उडतं. या दोन्ही प्रसंगांचा सराव डमीवर मुद्दाम करा, जोडीदाराला मध्येच "दबका" म्हणून ओरडायला सांगा. थांबण्याचीही सवय हाताला लागावी लागते.

शिवडी_बंदर

उत्तर पटलं, कुडाळी. छर्रा लांब किती जातो? गावात वाड्या जवळजवळ असतात म्हणून विचारतो.

ट्रॅपवेडा

ढोबळ हिशेब फ्रेंच लष्करी अधिकारी जूर्ने यांच्या नियमानं होतो: छर्र्याच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागं सुमारे ८० मीटर. ट्रॅपचा २.४ मिमीचा छर्रा म्हणजे जास्तीत जास्त १९० मीटरच्या आसपास. एलजीसारखा ९ मिमीचा मोठा छर्रा सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. नेमाचा पल्ला याच्या कितीतरी आत संपतो, पण वाडीतल्या माणसाला लागायला नेम लागत नाही. म्हणून पळवायला बारीक छर्रा, बार उताराच्या मातीकडे, आणि पलीकडे घर, पायवाट किंवा पाणवठा असेल तर बार काढायचाच नाही.

डावरा_दादरकर

मी डावखुरा. वरचा खटका उजवीकडे सरकतो, माझ्या अंगठ्याला उलटा पडतो. पहारा काका, माझ्यासाठी क्रम काय?

बँकेचा_पहारा

डावरा, अंगठ्याचं टोक वापरू नका. पकड किंचित सोडून अंगठा खटक्याच्या डाव्या बाजूला आणा आणि त्याच्या बुडानं उजवीकडे ढकला. सुरुवातीला अवघड वाटेल. बाकी सगळं आरशातल्यासारखं: दस्ता डाव्या काखेत, उजवा हात लाकडावर स्थिर, पट्टा डाव्या बाजूला. काही जुन्या एकनळ्यांचा खटका दोन्ही बाजूंना वळतो, काहींचा चापाच्या गार्डजवळ खाली असतो. नवी घेणार असाल तर अशी बघा. इजेक्टरवाली मात्र घेण्याआधी डमी घालून मोडून पाहा, रिकामं काडतूस कुठं उडतं ते. चेहऱ्याच्या रेषेत येत असेल तर मोडताना बंदूक थोडी बाहेरच्या बाजूला कलती करायची.